झाड नाही, मासा नाही

"कशात पीएचडी करतेस?" असं कुणी विचारलं की दामिनी आधी समोरच्याला बसायला सांगते. उभ्यानं ऐकणारे हसत हसत पुढे निघून जातात. उष्णकटिबंधातल्या बेटांभोवती वाढणाऱ्या तपकिरी समुद्रशैवालांची विविधता, हा तिचा विषय. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या लातुरात राहून ही मुलगी समुद्रावर संशोधन करते. त्यावरचे विनोद तिनं इतक्यांदा ऐकलेत की समोरच्यानं सुरुवात केली की शेवट तीच करून देते.

ती मूळची मुखेडकडची. वडील सटवाजी कोरडवाहू शेती करतात. गावात सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पाझर तलाव, आणि त्यातही मार्चनंतर पोरं क्रिकेट खेळतात. पण लेकीचा विषय सटवाजींना एका झटक्यात कळला होता. कृषी केंद्रात सोयाबीनवर फवारायला समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली मिळते. ते म्हणाले, "म्हंजे बाटलीतल्या औषधाचं मूळ गाव हुडकून राहिलीस तू." दामिनी म्हणते, एवढा सोपा सारांश तिच्या मार्गदर्शकांनाही जमलेला नाही.

समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो एमएस्सीच्या सहलीत, मालवणला. सगळी बस लाटांकडे धावली. त्या दिवशीच्या फोटोत पंचवीस जण पाण्यात हात वर करून उभे आहेत आणि कोपऱ्यात एक पाठ दिसते, खडकावर वाकलेली. ती दामिनी. ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकावर तिला काहीतरी चिकटलेलं दिसलं होतं. बोटानं उचललं तर त्याला हरभऱ्याच्या घाट्यांसारखे बारके, हवा भरलेले फुगे. चिमटीत दाबला की फटकन फुटायचा. रानातली सवय होतीच. "घाटा फोडल्याशिवाय हरभरा कळतो का?" असं ती आजही म्हणते.

त्या वनस्पतीचं (तिला आवडणार नाही, पण तूर्त मी वनस्पतीच म्हणते) नाव सरगॅसम. ह्या सरगॅसमनं तिला पुढची सगळी वर्षं नादाला लावलं. बेटाच्या ज्या बाजूला लाटा आपटतात तिथं तो बुटका, जाड, दंडेलीनं उभा राहिल्यासारखा. त्याच बेटाच्या दुसऱ्या, शांत बाजूला तो लांब, नाजूक, केस मोकळे सोडल्यासारखा. मग ही एकच जात की दोन? दामिनी जेवताना, कपडे धुताना, सीएचबीवर, म्हणजे तासागणिक पगारावर, शिकवून कॉलेजातून परत येताना ह्याच प्रश्नात असते. बाकीच्यांचीही ओळख तिनं करून दिलेली आहे. पॅडिना म्हणजे कडा दुमडलेला उडदाचा पापड. टर्बिनारिया म्हणजे एका दांड्यावर बसवलेले लग्नातले कर्णे. डिक्टिओटाच्या प्रत्येक टोकाला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा दोन. "भाऊबंदकीतली वाटणी," ती म्हणते, "शेवटच्या वारसाला काही उरत नाही."

आम्ही दोघी गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खाली घरमालक गुरुपादप्पा आणि त्यांच्या पत्नी शांतम्मा. अप्पांचं किराण्याचं दुकान आता मुलगा बघतो. शांतम्मा भालकीकडच्या, त्यामुळे राग आला की अर्धं कानडीत. घर लिंगायत, कडक शाकाहारी. खोली देताना अट एकच होती: "अंडं, मांस, मच्छी, काही म्हंजे काही न्हाई. आम्लेट शब्दसुद्धा बोलायचा न्हाई." आम्ही तो शब्द बोललो नाही.

तर ह्या दिवाळीच्या आधी दामिनी अंदमानला गेली. परवानगी मिळायला दोन वर्षं लागली होती. पाण्याची ओहोटी, कॉलेजची सुट्टी आणि सरकारी कागद ह्या तीन गोष्टी एकाच आठवड्यात जुळून येणं म्हणजे पत्रिकेतले छत्तीस गुण जुळणं. तिथं तिला हवं ते सगळं मिळालं, पण सोबत पाऊसही मिळाला. गोळा केलेलं शैवाल कागदात दाबून सुकवायचं असतं. तिथल्या दमट हवेत कागदच सुकेनात. शेवटी तिनं सगळं अर्धओलं तसंच पिशव्यांत भरलं आणि विमान, रेल्वे, एसटी करत लातूर गाठलं. एसटीत तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली म्हणे.

ती पोचली त्या दिवशी कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलेली. प्रयोगशाळेची किल्ली विभागप्रमुखांकडे आणि विभागप्रमुख सासुरवाडीला. पिशव्या उघडून तिनं हुंगल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"आज दाबलं नाही तर उद्या लगदा होईल," ती म्हणाली. "मग पुन्हा दोन वर्षं."

मग आम्ही गच्ची गाठली. ऑक्टोबरचं लातूरचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. तिनं परातीत पाणी घेतलं, त्यात जाड कागद बुडवला, कागदावर शैवालाची एकेक फांदी तरंगत ठेवली आणि काडीनं तिचे फाटे मोकळे करत कागद अलगद वर उचलला. पाणी ओघळून गेलं आणि फांदी कागदावर जशी समुद्रात डोलत असेल तशी पसरून राहिली. वरून मलमलचा तुकडा, त्यावर रद्दी, त्यावर पुढचा कागद. मी रद्दी पुरवत होते. उरलेल्या पिशव्या तोंड उघडून कठड्यावर ठेवल्या होत्या आणि वारा होता. वाऱ्यानंच घात केला.

समोरच्या गच्चीवर महादेवी आक्का चकलीचं पीठ चाळत होत्या. त्यांनी मान वर केली, नाक वर केलं, आणि खाली गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "शांतम्मा! अगं तुझ्या पोरींनी बोंबील वाळत घातले की गं!"

जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला. शांतम्मा नाकाला पदर लावूनच वर आल्या. मागून अप्पा, एकेक पायरी मोजत.

"अय्यो शिवने! काय करून राहिल्या गं वर? उद्या पाद्यपूजेला स्वामी येणार घरी, आन् तू सुकट आणलीस?"

"सुकट नाही काकू, शेवाळ आहे. समुद्रातलं."

"शेवाळ आमच्या हिरीत बी हाय. त्येला असा वास न्हाई."

"ते गोड्या पाण्यातलं."

"मला शिकवू नको. भालकीच्या बाजारात मच्छीची गल्ली चुकवायला आम्ही लांबून जात होतो. वास वळखते मी."

अप्पांनी हात वर करून बायकोला थांबवलं. चाळीस वर्षं दुकान केलेला माणूस; भांडण मालावरून असेल तर आधी माल ओळखावा, असं त्यांचं मत. पाकिटांवर शाकाहाराची हिरवी टिकली असते आणि मांसाहाराची लोक लाल म्हणतात, पण ती असते तपकिरी. अप्पांना हे पक्कं ठाऊक.

"त्ये वासाचं जाऊ दे," ते म्हणाले. "हिरवी टिकली का तपकिरी, तेवढं सांग."

दामिनी परातीवर वाकलेली होती. कागदावर फांदी नुकती जागेवर बसत होती. तिच्या कानात फक्त एकच शब्द शिरला, तिच्या आयुष्याचा.

"तपकिरी, अप्पा," ती आनंदानं म्हणाली. "सगळंच्या सगळं तपकिरी. हिरवं मी घेतच नाही."

अप्पा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"कबूल केलं बघ तिनं," ते शांतम्मांना हळूच म्हणाले.

मी मध्ये पडले. रंग आणि टिकली ह्यांतला घोळ सोडवायला बराच वेळ गेला. अप्पा शेवटपर्यंत म्हणत होते, "पण मी रंगच तर विचारला की." शांतम्मांचं ह्यानं समाधान झालं नाही. "उचल सगळं. आत्ताच्या आत्ता. कुठं बी ने." दिवाळीच्या तोंडावर, कॉलेज बंद असताना, ओलं शैवाल घेऊन दामिनी कुठं जाणार होती? तिनं परातीतला कागदसुद्धा सोडला नव्हता. तो तसाच दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. त्यावरून पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

ते बघून शांतम्मा जरा नरमल्या असाव्यात. खाली गेल्या आणि देवघरातला विभूतीचा गोळा घेऊन वर आल्या.

"ह्याच्यावर हात ठेव. म्हण, ही झाडं हायत. एवढं एकच वाक्य म्हण. मग त्या महादेवीला मी बघून घेते."

मला हायसं वाटलं. तीनच शब्द. मी दामिनीला मागून चिमटा काढला. तिनं ओला हात पुसला, विभूतीवर ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काकू, ह्यात मासा नाही. कुठलाच प्राणी नाही. हे शंभरदा म्हणते," ती म्हणाली. "पण झाड आहे, असं नाही म्हणता येत."

"का?"

"कारण झाड नाही."

मी डोळे मिटून घेतले.

"अगं, झाड न्हाई, जनावर न्हाई, तर हाय काय मग?"

"दिसायला झाडासारखं. उन्हावर स्वतःचं अन्न स्वतः करतं, झाडासारखंच. पण ह्याला मूळ नाही. बुडाला नुसती पकड असते, खडकाला धरायला. पाणी सगळ्या अंगानं पितं. आणि घराणंच वेगळं आहे, काकू. ह्याचं आणि झाडाचं गोत्र जुळत नाही."

"मग कुणाचं जुळतंय?"

"तिसरंच आहे."

समोर महादेवी आक्कांची चाळणी थांबली होती. शांतम्मा दामिनीकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी नाकावरचा पदर काढला.

"येडी हायस का गं तू? 'हाव' म्हणली असतीस तर मी गेले असते की खाली!"

"पण खोटं झालं असतं."

"त्येच म्हणते मी!" शांतम्मा अप्पांकडे वळल्या. "बोंबील असते तर ही पोरगी 'भाजी हाय' म्हणून कवाच मोकळी झाली असती. ती ह्यांच्या आधीची भाडेकरू, नर्सिंगवाली! अंड्याला बटाटा म्हणत होती माझ्या तोंडावर. सोलून दाखवते म्हणाली!"

अप्पांनी आता आपला हिशोब सुरू केला. "रक्त हाय का ह्यात?"

"नाही."

"पळतंय का?"

"नाही."

"उन्हावर जगतंय?"

"हो."

"मग हिरवी टिकली. झालं."

"अप्पा, पण हिरवं म्हणजे शास्त्रात वेगळा..." दामिनी सुरू झाली. शांतम्मा आणि मी एकदमच म्हणालो, "गप बस."

अटी ठरल्या. सगळं टाकीच्या मागे, वाऱ्याच्या उलट बाजूला. स्वामी घरात असेपर्यंत काही उघडायचं नाही. आणि जिन्यात धूप चालू ठेवायचा, तोही आमच्या खर्चानं. अप्पांनी दुकानातली जुनी लोखंडी वजनं वर पाठवून दिली, गठ्ठ्यावर ठेवायला. पाच किलोची दोन वजनं उचलताना दामिनी इतकी खूश होती की जणू कुणी सत्कार केलाय.

ह्या सगळ्यात कठड्यावरची एक पिशवी मात्र वाया गेली. आमचं बोलणं चालू असताना ती उन्हात तशीच राहिली होती. त्यात टर्बिनारिया होता. कर्णे काळे पडून एकमेकांत विरघळले होते. दामिनीनं पिशवीत बोट घालून पाहिलं, तोंड बांधलं आणि ती बाजूला ठेवली. "टर्बिनारिया तसा सगळीकडे मिळतो," एवढंच म्हणाली. पुढची फांदी परातीत सोडली, पण बराच वेळ तिनं काडी हातात घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वामी आले. जिन्यातल्या धुरानं त्यांना दोनदा खोकला आला. धुरातूनही वास लपला नव्हताच. त्यांनी विचारलं तेव्हा शांतम्मांनी पाद्यपूजेचं तबक खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "समुद्रातलं हाय, स्वामी. झाड न्हाई, मासा बी न्हाई. आमची पोरगी त्यावरच शिकून राहिली." स्वामींनी मान डोलावली आणि लिंबू सरबत मागितलं.

मुखेडहून दामिनीच्या आईचे फोन चालू होते: चिवडा झाला, आता ये. दामिनी रोज "उद्या" म्हणायची आणि रोज रद्दी बदलायची. ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे, वजनं पुन्हा ठेवायची. शेवटी एका सकाळी तिनं वजनं उतरवली आणि मलमल सोलून काढायला घेतली. शांतम्मा वर आल्याच होत्या, आम्ही बोलावलं नव्हतं.

कागदावर सरगॅसम पसरला होता. कोवळ्या गुळाच्या रंगाचा, एकेक पान सुटं, पानांच्या बेचक्यात बारीक फुगे. बुडाची पकडसुद्धा शाबूत. शेजारच्या कागदावर दुसऱ्या किनाऱ्याचा, बुटका, दाट. शांतम्मांनी चष्मा पुसला. बोट लावू की नको, असं करत शेवटी लावलंच.

"सुरेख हाय की गं," त्या म्हणाल्या. "नाव काय ह्येचं?"

"दोन्ही सरगॅसम."

"त्ये घराण्याचं झालं. ह्येचं सवताचं?"

दामिनी दोन्ही कागद जवळ आणून बघत होती. "अजून ठरलं नाही, काकू. हे दोन्ही एकच आहेत की वेगळे, तेच कळत नाहीये."

शांतम्मांनी कपाळावर हात मारला. "स्वामींना धुरात बसवलं, त्या महादेवीचं तोंड बघितलं, आन् तुला नाव बी म्हाईत न्हाई?"

"म्हणून तर आणलं," दामिनी म्हणाली आणि भिंग शोधायला खोलीत गेली.