नाव मागाहून घालता येतं

“मुलं किती?” एजंटानं समोरच्या तिघांना विचारलं.

उमेश आपल्या चपलांकडे बघत होता. त्याची आई पदर सारखा करत होती. उमेशची बायको वनिता माझ्याकडे बघत होती. मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर त्यांच्या कागदांची पिशवी घेऊन.

“मावशे, रेशनकार्डावर तर तिघांचीच नावं आहेत,” एजंट मला म्हणाला. “पण फॉर्म विचारतो म्हणून विचारतोय. मुलं बरोबर जाणार असोत की नसोत, सगळी लिहायची असतात.”

“नाहीत,” मी म्हणाले. “शून्य लिही.”

त्यानं कॉम्प्युटरवर शून्य मारलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

वनिताला तेव्हा सात वर्षांची मुलगी होती. तन्वी तिचं नाव. ती नार्व्याला आजी-आजोबांकडे राहत होती. हे त्या खोलीत एजंट सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चौथी शिकलेली बाई. डिचोलीला सरकारी कचेऱ्यांच्या आवारात एका बाकावर बसून मी तीस वर्षांच्या वर लोकांचे कागद काढून दिले. अजूनही बसते, पण रोज नाही. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठल्या कागदावर कुठं शिक्का पाहिजे ते मी न बघता सांगेन. माझं मुख्य काम म्हणजे नावं. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डावर ते घालायचं. माणूस मेला की नाव काढायचं. मूल झालं की घालायचं. एखादं राहून गेलं तर अफिडेव्हिट करायचं, म्हणजे शपथेवर लिहून द्यायचं, आणि मागाहून घालायचं. इतक्या वर्षांत मागाहून घालता आलं नाही असं एकही नाव मी पाहिलं नव्हतं.

परदेशी जाणाऱ्यांचे इकडचे कागदही मीच जमवत असे. जन्माच्या नोंदीची पूर्ण नक्कल लागते, तिला आमच्याकडे तेओर म्हणतात. ती काढायची, लग्नाची काढायची, आणि म्हापशाला मिलिंदकडे नेऊन द्यायची. मिलिंद म्हणजे तो एजंट. फॉर्म तो भरायचा. माणसांची माहिती मात्र तो मलाच विचारायचा, कारण माणसं मी ओळखत होते.

वनिताचं पहिलं लग्न कागदावर नव्हतंच. दत्ता म्हणून सिंधुदुर्गाकडचा एक मुलगा खाणीवर ट्रक चालवायचा, त्याच्याशी तिचं देवळात लागलं होतं. गोव्यात लग्नाच्या दोन सह्या असतात. पहिली सही केली की नावं बोर्डावर लागतात, आणि कोणाची हरकत आली नाही तर काही दिवसांनी दुसरी. दुसरी झाली नाही तर सरकारच्या लेखी लग्न झालंच नाही. या दोघांनी पहिली केली होती. दुसरी आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पोरगी झाली. मग खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले आणि दत्ता काम शोधायला म्हणून गेला तो आलाच नाही.

चार वर्षांनी मोपाच्या उमेशचं स्थळ आलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तो कुक होता. माणूस चांगला, पण आईपुढे तोंड उघडत नसे. लग्न ठरताना बोलणं झालं ते एवढंच, की पोर आजोळी राहील. आमच्या भागात हे नवं नाही. बाई दुसऱ्या घरी जाते आणि पोर आजीला आई म्हणायला लागतं. वनिताचं नाव नार्व्याच्या कार्डावरून मीच कमी केलं आणि मोपाच्या कार्डावर मीच घातलं. तन्वीचं आजोबांच्या कार्डावर राहू दिलं.

म्हणजे मिलिंदच्या टेबलावर जे कार्ड होतं ते माझ्याच हातचं होतं. त्यावर मूल दिसत नव्हतं ते माझ्यामुळे.

मग उमेशला कॅनडातल्या एका हॉटेलाचं बोलावणं आलं. दोघांच्या पीआरची, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवानगीची फाईल करायची होती. आदल्या आठवड्यात कागद घ्यायला मी मोपाला गेले. सासूनं चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, “शेवंते, एक सांगतंय. माझ्या झिलाच्या कागदार परक्याचा चेडू नको. नार्व्याचा चेडू नार्व्यातच बरा.” चेडू म्हणजे मुलगी.

“विचारलं तर?” मी म्हटलं.

“कोण विचारता? तू सांगशीत तेव्हाच कळतला.”

उमेश दारात उभा होता. तो म्हणाला, “आई, मागाहून बघूया.” आणि गुरांना पाणी दाखवायला गेला.

सासूचं ऐकून मी शून्य सांगितलं, असं म्हटलं तर ते खरं नाही. मला माझी अडचण दिसत होती. मूल फॉर्मवर घातलं की बापाची एनओसी मागतात. मुलाला परदेशी न्यायला माझी हरकत नाही, असं त्यानं लिहून द्यायचं. दत्ता कुठं आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याला शोधा, तो अडून बसला तर कोर्टात जा. तोवर हॉटेलवाला थांबणार नाही. मी हिशेब केला, आधी ही दोघं जाऊ देत. पोरीचं नाव काय, मागाहून घालता येईल.

हे मी मनात ठरवलं. वनिताला विचारलं नाही.

मिलिंदच्या ऑफिसातून उतरताना जिन्यात तिनं माझा हात धरला. सासू पुढं उतरत होती.

“मावशे, मागीर तिचा नाव घालूक येतला मां?” मागीर म्हणजे मागाहून.

“येता गो बाये,” मी म्हटलं. “नाव घालणां हाच तर माझां काम.”

ती दोघं दाबोळीहून विमानानं गेली. तन्वी त्या दिवशी शाळेत होती. आजीनं मुद्दाम पाठवली होती.

तिकडे वनिता कामाला लागली. रोज फोन करायची. पोरगी आधी फोनवर यायची नाही, मग यायला लागली. आजीला आई म्हणायची ती फोनवरच्या वनितालाही आई म्हणायला लागली. तिसऱ्या वर्षी वनिताचे वडील वारले आणि सासूही गेली. आजीचे गुडघे धरले. तेव्हा उमेशचा स्वतःचा फोन मला आला. “मावशे, तन्वीक हाडूया आता. कागद कर.” हाडूया म्हणजे आणूया. त्याच्याकडून एवढं स्पष्ट वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मी कामाला लागले. तेओर काढला. त्यात आईचं नाव वनिता, बापाचं दत्ता, सगळं स्वच्छ. शाळेचा दाखला घेतला. आणि दत्ताला शोधायला निघाले. मनात होतं, दोन-तीन महिने जातील.

अर्धा दिवस गेला. डिचोलीतल्या जुन्या ट्रकवाल्यांपैकी एकाला विचारलं, त्यानं दुसऱ्याला फोन लावला. दत्ता बांद्याच्या पुढं एका चिऱ्याच्या खाणीवर गाडी चालवत होता. मी बसनं गेले. तो अंगावर लाल धूळ घेऊन आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. मी काम सांगितलं.

“खंय सही करू?” तो म्हणाला.

“नोटरीसमोर करायची. चल.”

वाटेत त्यानं विचारलं, “ती माका वळखता?”

“नाय.”

“बरां.” जरा चालून गेल्यावर म्हणाला, “तेव्हाच विचारलां असतास तर तेव्हाच दिली असती. माका कोणी विचारलांच नाय.”

त्यानं सही केली, चहाही घेतला नाही आणि गाडीवर परत गेला. ज्या सहीच्या भीतीनं मी शून्य सांगितलं होतं, ती सही मिळाली.

ती फाईल मी केलेल्या सगळ्या फाईलींत चांगली होती. एक कागद कमी नव्हता. वनितानं तिकडून स्पॉन्सरचा फॉर्म भरला. स्पॉन्सर म्हणजे आधी गेलेला माणूस, जो घरच्यांना बोलावून घेतो. मिलिंदनं अर्ज बघितला आणि तन्वीचा तेओर हातात घेतला. जन्मतारीख वाचली. मग मान वर केली.

“मावशे, पहिली फाईल केली तेव्हा ही मुलगी होती?”

“होती.”

“सात वर्षांची?”

“होय.”

“आणि तू मला शून्य सांगितलंस.”

“सांगितलं. आता घाल की नाव. अफिडेव्हिट करून देते.”

तो ओरडला नाही. मला समोर खुर्चीवर बसवलं आणि साध्या भाषेत सांगितलं. त्या देशाचा नियम असा, की पीआर घेताना जे मूल सांगितलं नाही आणि ज्याची तेव्हा मेडिकल तपासणी झाली नाही, ते मूल नंतर घरचं माणूस म्हणून बोलावता येत नाही. ते बरोबर जाणार नसलं तरी सांगायला हवं होतं. फक्त नाव लिहायचं आणि डॉक्टरकडे एक दिवस न्यायचं, बस. मग ती पाच वर्षांनी गेली असती तरी चाललं असतं.

“आणि एनओसी नव्हती तर?” मी विचारलं.

“ती न्यायच्या वेळची गोष्ट. तेव्हा बघता आली असती. मावशे, मी तुला त्या दिवशी बोललो होतो, बरोबर जावोत न जावोत, सगळी लिहायची.”

बोलला होता. मी ऐकलंही होतं.

तरी त्यानं अर्ज पाठवला, बरोबर विनंतीचं पत्र जोडलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. नकार. वर आणखी, आधी खरं का सांगितलं नाही याचा खुलासा वनिता आणि उमेशनं द्यावा, असंही विचारलं होतं. ती दोघं वर्षभर घाबरून होती. आपलंच राहणं जाईल की काय, अशी भीती. गेलं नाही. पण दुसऱ्यांदा अर्ज करायची हिंमत राहिली नाही.

मग वनिता एकदा येऊन गेली. जाताना दाबोळीहून गेली होती. आली तेव्हा मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला होता, सासरच्या घराच्या मागंच उतरली. तीन आठवडे नार्व्याला राहिली. परत जायच्या आदल्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसली. चॉकलेटांची पुडी दिली. मी म्हटलं, “शिवी दे गो. ह्या नको.”

“शिवी कित्याक देऊ?” ती म्हणाली. “त्या दिवशी मी तुझ्याकडे बघी होतंय, मावशे. तू सांगशीत म्हणान. तू सगळां सांगतंस, सगळ्यांचां.”

मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघते आहे ती गप्प राहा म्हणून.

एवढ्यावर ती उठली.

तन्वी आता पंधराची आहे. अठरा झाली की शिकायला म्हणून अर्ज करेल, असं मिलिंद म्हणतो. म्हणजे आपल्या आईकडे जायला तिला परक्या मुलीसारखा फॉर्म भरावा लागेल. तोही मंजूर होईलच असं नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. पुढच्या शिक्षणाला रेसिडेन्स सर्टिफिकेट हवं होतं. फॉर्म भरताना आईच्या नावाच्या रकान्यापाशी थांबली. “मावशे, हय आवयचा नाव. आजीचा घालू की आईचा?”

“वनिता. तेओरवर आहे तेच.”

तिनं लिहिलं. अक्षर तिच्या आईसारखं आहे. मी म्हटलं, “तुला एक सांगायचं होतं. त्या पहिल्या कागदावर तुझं नाव नाही ते माझ्यामुळे. शून्य मी सांगितलं.”

“म्हायत आसा,” ती म्हणाली. “आजीन सांगितलान.” मग घड्याळ बघितलं. “ह्या आज मेळतला? माझी बस आसा.”

मी स्वतः आत गेले आणि रांगेत उभी राहिले. एरवी कोणासाठी राहत नाही, गुडघे दुखतात. सर्टिफिकेट घेऊन आले, तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि गेली.

परदेशाच्या फाईली मी अजून करते. आता माणसं मिलिंदच्या ऑफिसात आली की सासवांना बाहेरच्या बाकावर बसवते. दार लावून घेते. मग बाईलाच विचारते, मुलं किती, आणि ती तोंडानं आकडा सांगेपर्यंत पुढचा प्रश्न विचारत नाही.