उष्टी रास

भर बाजारात, चार लोकांदेखत, शेटनं माझा जबडा धरला आणि तोंडात मूठभर ज्वारी कोंबली.

"म्हण. लाभ म्हण!"

कळंबच्या पेठेत मी मापारी होतो. रास पायलीनं मोजायची, मोठ्यानं आकडा म्हणायचा. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझा बापही असाच मोजायचा. तो शब्द म्हटल्याशिवाय माप सुरूच होत नाही.

निजामीचे शेवटचे दिवस. हत्यारबंद टोळ्या गावं जाळत होत्या आणि लुटीचं धान्य आमच्या शेटच्या आडतीवर येत होतं. त्या दिवशीची पोती येरमाळ्याकडच्या एका गावातली. ज्वारीला धुराचा वास. त्याच गावात माझी आक्का दिलेली. सकाळीच ती अंगावरच्या लुगड्यानिशी माझ्या दारात आली होती. घर जळालेलं. नवरा मारलेला.

मी पायली भरली. शब्द तोंडातून निघेना.

"ही लुटीची हाय, शेटजी. हिला लाभ म्हणणार न्हाय."

"माल कुणाचा ते आपुन इचारत न्हाय. तू निस्तं माप कर. इमान इचारायची तुझी लायकी हाय व्हय रं?"

म्हणाला आणि जबडा धरला. पोती आणणारे बंदूकवाले खदखदून हसले. बाकीचे आडते खाली माना घालून बसले. त्यांचा मला शेटपेक्षा जास्त राग आला.

दाणे घशाशी आले. मी सगळे रासेवर थुंकलो. मग पुन्हा थुंकलो. मुद्दाम.

रास उष्टी झाली. उष्टी रास पेठेत कुणी घेत नाही. शेटचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, दात पाडले. तरी मार खाताना मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाशिवाय ह्याचा धंदा हलत नाही, हे मला तेव्हा कळलं.

निजामी गेली. शेटनं टोपी बदलली आणि जळालेल्या गावांना धान्य वाटायच्या कमिटीवर जाऊन बसला. परवा गाठ पडली.

"झालं गेलं इसर की. तुझ्या आक्काला जास्तीची पोती देतो."

"आक्का येणार हाय, शेटजी. पर पोती न्यायला न्हाय."

येत्या बाजारी ती कमिटीपुढं उभी राहून त्याचं नाव घेणार आहे. त्या गावच्या साऱ्या विधवांना मी सांगून आलोय, त्याही येणार आहेत. त्याला त्या गादीवरून उठवायचं. आडतीला कुलूप लावायचं. पाया पडला तरी सोडायचं नाही.