आईच्या लुगड्याचा रंग

मास्तरांनी मला फसवलं. चिखलीच्या बाजारात विहिरीवरच्या जुन्या मोटारी आणि पाइपांच्या धंद्यात मी पस्तीस वर्षं काढली, कोणाचाही माल उलटा करून, ठोकून, नाकाला लावून घेतला, आणि समोरच्या गाळ्यात बसणाऱ्या एका रंगाऱ्याने मला फसवलं. रंगारी म्हणजे भिंतींचा नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत कॉम्प्युटरवर रंग भरणारा. ते आता नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मला घरात सांगतात. मी वाईट बोलत नाही. झालं तसं सांगतो, वाचणाऱ्यांनी ठरवावं.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं. तरुणपणी एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुवायला होते. तिथेच बारीक ब्रशने फोटोवर रंग लावायला शिकले. स्टुडिओ बंद पडला, ब्रश वाळले, आणि साठीला आल्यावर भाचीकडून कॉम्प्युटर शिकून या बाबाने माझ्या समोरच गाळा मांडला. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. माउसखाली रेक्झिनच्या पुठ्ठ्याची जुनी वही.

फोटो हातात आला की पहिल्यांदा ते अंगठ्याने त्यातल्या माणसाचा चेहरा झाकत. मग एक डोळा मिटून पदराचा काठ, टोपी, कोटाची बटणं असं बघत राहत. एकदा मी विचारलं, "चेहरा काऊन झाकता?"

"चेहरा पाह्यला का मन रंग भरू लागते, शेठ. मनाले काय माहीत?"

मला ते शेठ म्हणत. त्या शेठमध्ये थोडी टिंगल होती हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मग त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "साक्षीदार कोन हाये?" म्हणजे हे कपडे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस. ते आणल्याशिवाय मास्तर माउसला हात लावत नसत. साक्ष झाली की मूळ फोटोच्या मागे पेन्सिलने लिहीत: कोणी सांगितलं, काय सांगितलं. फेटा पिवळा, काठ जांभळा, साक्ष थोरली सून. कोर्टातला कारकून लिहितो तसं. त्यापायी किती गिऱ्हाइकं परत गेली असतील, मी मोजली नाहीत, पण माझ्या डोळ्यांसमोर जात होती आणि माझा जीव तळमळत होता. धंदा असा करतात का? एकदा मी त्यांना तसं म्हटलंही. "आलेल्या मानसाले परत पाठवता, हे बरं नाही." ते म्हणाले, "तुमी फुटकी मोटार चालू म्हनून इकता का?" आता मी काय करतो आणि काय करत नाही, तो वेगळा विषय आहे. मी चहा पिऊन उठलो.

साखरखेर्ड्याच्या दोन भावांची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी आईचा फोटो आणला होता. कपाळावर काळा ठिपका. थोरला म्हणे, कुंकू आहे, लाल करा. धाकटा म्हणे, फोटो बाप गेल्यानंतरचा आहे, कुंकू कुठून येईल? दोघे माझ्या दुकानापर्यंत ऐकू येईल असे भांडत होते. कॉम्प्युटरने आपल्या मनाने त्या ठिपक्याला तपकिरी करून ठेवलं होतं, पुटकुळी फुटल्यासारखं. मास्तरांनी दोघांना गप्प केलं नाही. फक्त विचारलं, "मायची बहीन जित्ती हाये का?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मावशीला घेऊन आले. म्हातारी स्टुलावर बसली, फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि आपला पदर मागे सारला. तिच्या कपाळावर तसाच ठिपका होता. गोंदलेला. "आमी दोघी बहिनींनी एकाच दिवशी जत्रेत गोंदून घेतलं," म्हणाली, "ते रडली व्हती, मी नाही." मास्तर उठले, तिला दारात उजेडाला बसवलं, तिच्या कपाळाचा फोटो घेतला, आणि तिच्या गोंदणाचा विटका हिरवा रंग उचलून बहिणीच्या कपाळावर ठेवला. दोघे भाऊ स्क्रीनकडे बघत उभे राहिले. थोरल्याने डोळे पुसले आणि धाकट्यावरच डाफरला, "आता काऊन गप्प हायेस बे?"

हे मी पाहिलं आहे. म्हणून तर म्हणतो, त्या माणसाला येत नव्हतं अशातला भाग नाही.

दुसरी गंमत कोटाची. कोणीही आजोबाचा स्टुडिओतला फोटो आणला की मास्तर कोट बघून हसत. "ह्या कोटाले साक्षीदार नाही लागत. हा माह्या ओळखीचा हाये." जुन्या स्टुडिओत एकच कोट खुंटीला असायचा. पाटील आला तरी तोच, न्हावी आला तरी तोच, लग्न ठरलेला पोरगा आला तरी तोच. डाव्या खिशाजवळ विडीने जळालेलं भोक, तिथे हात ठेवून उभं राहा म्हणून फोटोग्राफर सांगायचा. निम्म्या तालुक्याचे आजोबा छातीशी हात धरून उभे आहेत ते त्या भोकापायी. मास्तर तो कोट प्रत्येक वेळी त्याच एका गुळासारख्या रंगाचा करत. घरच्यांना मात्र खरं सांगत नसत. "तुमच्या आजोबाचा कोट भारी व्हता," एवढंच. म्हणजे सांगायचं कधी आणि गिळायचं कधी, हे त्यांना बरोबर कळत होतं. हे लक्षात ठेवा.

मोबाईलवर रंग भरणारे निघाले तेव्हा मला वाटलं मास्तरांचा गाळा उठणार. एका गिऱ्हाइकाचा जावई घरूनच रंग भरून आला, एका क्षणात झालं म्हणाला. सासऱ्याचं धोतर गुलाबी, बैल जांभळा आणि सगळं खानदान दुधात बुडवून काढल्यासारखं गोरं. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "मोबाईल तुमच्या गावाले जाऊन आला का?" जावई हसला. मास्तर हसले नाहीत.

आता माझ्यावर येतो.

माझ्या आईचा एकच फोटो आहे. रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर कोणा साहेबाने काढलेला. तीन बाया, डोक्यावर रिकाम्या टोपल्या, मधली माझी आई. मामाच्या पेटीत सापडला. ती गेली तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो. तिचा आवाज मला आठवत नाही, चेहराही फोटोतून शिकलो. आठवतं ते एवढंच, की कामावर ऊन लागत होतं म्हणून तिने मला मांडीवर घेऊन तोंडावर पदर ओढला, आणि पदरातून येणारं ऊन हिरवं झालं. एवढीच माझी आई. नवीन घर बांधलं, बैठकीत तिचा मोठा फोटो लावायचा होता. मी मास्तरांकडे गेलो.

अंगठा चेहऱ्यावर. एक डोळा मिटलेला. "साक्षीदार कोन?"

"मी. लुगडं हिरवं करा. पदरातून ऊन येते तसं, कोवळं हिरवं."

"तुमी किती वर्षाचे व्हते?"

"चार."

"चार वर्षाच्या लेकराची साक्ष नाही चालत, शेठ."

माझं डोकं फिरलं. "माही माय हाये ते. मले नाही माहीत तर कोनाले असन?"

त्यांनी फोटोतल्या दुसऱ्या बायांवर बोट ठेवलं. "ह्या दोघींले असन. ही डाव्या बाजूची कोनाची कोन?"

"उंद्रीची व्हती म्हनते मामा. जित्ती का मेली, मले माहीत नाही. अन मले गावोगाव इचारत फिरायचं नाही. तुमाले जमते का नाही तेवढं सांगा."

"जमते. पन सांगा, हिरवं नसन निंघालं तर?"

यावर मी काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गाळा, कॉम्प्युटर आणि त्यांचे साक्षीदार, सगळ्यांचा उद्धार केला. बाजार थांबून ऐकत होता. मास्तरांनी फोटो पाकिटात घातला, परत मात्र दिला नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मधल्या एका दिवशी त्यांचा गाळा बंद होता. संध्याकाळी मी त्यांना उंद्रीकडून आलेल्या काळीपिवळीतून उतरताना पाहिलं, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेला. मी मान फिरवली. ते कशाला गेले असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगतो, नाही आलं.

मग एक दिवस रस्त्यापलीकडून हाक आली. "शेठ, तयार हाये."

गेलो. स्क्रीनवर आई उभी होती. लुगडं हिरवं. नुसतं हिरवं नाही; उन्हाने पार झालेलं, कोवळं, मी सांगितलं होतं अगदी तसं. हातांवर मातीची पुटं, टोपलीला बांबूचा रंग, मागे पिवळा मुरूम. मी स्टुलावर बसलो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही, माउसची वायर गुंडाळत बसले.

मग म्हणाले, "काही इचारायचं हाये का, शेठ?"

मी म्हटलं, "भावात काही कमी करा."

त्यांनी वायर टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "करतो."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला भाव कमी केलेला मी पाहिला नव्हता. साक्षीदार न आणता रंग घेतला, वर भावही पाडला. मी जिंकलो असं मला वाटलं. फोटो बैठकीत लागला. मास्तरांनी मूळ फोटो त्याच फ्रेममध्ये, मोठ्याच्या मागे सरकवून दिला होता. मी मागे बघितलं नाही. कशाला बघायचं? पुढचं बघायला फोटो लावतात.

पुढच्या हिवाळ्यात मास्तर गेले. दुपारी खुर्चीत बसल्या-बसल्या. स्क्रीनवर कोणाचीतरी आजी अर्धी रंगवलेली राहिली होती. मी दुकान सोडून धावलो, खांद्याला हात लावला, आणि रागावूनच म्हटलं, उठा मास्तर. तिरडीला खांदा मीही दिला. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.

या उन्हाळ्यात घराला रंग देताना फ्रेम पडली. काच फुटली म्हणून मागचा पुठ्ठा काढला, आणि मूळ फोटो हातात आला. मागे पेन्सिलने त्यांचं ते कारकुनी अक्षर.

साक्ष उंद्रीची, डावीकडची बाई. लुगडं हिरवं नाही. फोटोचे मालक ऐकत नाहीत.

बास. इतर सगळ्यांच्या फोटोमागे रंग लिहिले. काठ जांभळा, फेटा पिवळा. माझ्या फोटोमागे फक्त काय नाही ते लिहिलं.

मी गाडी काढून उंद्रीला गेलो. शोधत-शोधत घर सापडलं. ती बाई गेल्या वर्षी वारली. सुनेने पाणी दिलं. "हाव, एक बुढे बावा आले व्हते," म्हणाली. "दोन घंटे बसले. फोटो पाहून सासूबाई लय हसल्या, मंग रडल्या. तुमच्या मायचं नाव घेत व्हत्या."

"लुगड्याचा रंग काय सांगतला त्याईले?"

"ते मले नाही माहीत, भाऊ. मी चुलीपाशी चहा करून राह्यली व्हती."

तिसऱ्या बाईचा पत्ता नाही. मामा गेला. मास्तरांच्या भाचीला फोन केला; तिने कॉम्प्युटर उघडून पाहिला, म्हणाली, काका, फाइलमध्ये हिरवाच रंग आहे, दुसरं काही नाही. बायको म्हणते, आईंकडे दुसरं लुगडं असेल, पदर त्याचा असेल, झाला तुमचा हिरवा खरा. असेल. पण हे मला कोण सांगणार? ज्याला माहीत होतं तो समोर बसून वायर गुंडाळत होता.

नवी काच अजून बसवली नाही. फ्रेम तशीच भिंतीला टेकून आहे. कधी कधी मी उकिडवा बसतो, आईच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवतो, एक डोळा मिटतो. मला फक्त हिरवं दिसतं.

मास्तर, मी विचारलं नाही, कबूल. मी भाव केला, शिव्या दिल्या, तेही कबूल. पण तुम्ही त्या म्हातारीसमोर दोन तास बसलात, माझ्या आईबद्दल ऐकलंत, आणि सगळं तुमच्याबरोबर नेलंत. माझ्यावर दया केली म्हणून हिरवं भरलंत, की माझी जिरवली? आणि तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं? दोन्हींची उत्तरं मला पाहिजेत. यात मी काही कमी करणार नाही.