धूर जिकडे वाकतो ती खिडकी

टॅम्पिनीसमधला आमचा फ्लॅट पश्चिमेकडे तोंड करून होता. दुपार कलली की ऊन आत यायचं आणि पाहुण्यासारखं सोफ्यावर ठाण मांडून बसायचं. त्या उन्हात सगळंच थोडं तरंगायचं: पडदे, धुळीचे कण, शाळेतून येऊन गार फरशीवर लोळणारी आमची मुलगी. एसी सतत घरघरत असे. विजेचं बिल आलं की मी दिसेल त्याला बोलत सुटायचे. दिसायची फक्त मुलगी, कारण तिचे बाबा बहुतेक वर्ष समुद्रावर असत.

ते मरीन इंजिनिअर. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच जहाज सोडून बंदरावरची नोकरी धरली. जमलं तर इथेच, नाही तर परत जहाजावर, असं जुन्या कंपनीशी बोलून ठेवलं होतं. मला ते घरी हवे होते. दुसरं काहीच नको होतं मला, पण मागून घेणं माझ्या रक्तात नाही.

घरी आलेला माणूस आधी जरा टेकतो. यांनी खिडकी धरली. संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावून आम्ही वंदना म्हणत होतो. माझे डोळे मिटलेले, यांचा एक डोळा उघडा, धुरावर. वंदना संपली मात्र, म्हणाले, "अगं, धूर खिडकीकडे वाकतोय. तिथूनच पळतो तुझा गारवा."

आणि उदबत्ती उचलून चौकटीच्या कडेकडेने फिरवायला लागले. धूर थरथरला की तिथे पेन्सिलीची खूण.

"अहो, वंदनेची उदबत्ती आहे ती!"

"बुद्धा वोंट माइंड, लाह," मुलगी फरशीवरूनच तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

मग फटींना रबराच्या पट्ट्या लागल्या आणि प्रत्येक काचेच्या आत दुसरी काच बसली. मधे हवा कोंडली की बाहेरची धग बाहेरच अडते, असं त्यांनी मला समजावलं. इंजिनरूममध्ये तापलेल्या पाइपांना जाड वेष्टण घालतात, त्यातलाच प्रकार. काचांची किंमत ऐकून मी म्हटलं, हे तर नाकापेक्षा मोती जड. पण खोट्याला खोटं आणि खऱ्याला खरं म्हणावं: घर गार झालं, एसी थोडा वेळ लावला तरी पुरायला लागला. आणि घर शांत झालं. समोरच्या पुलावरची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आता नुसती दिसायची, पाण्यातून मासा जावा तशी. दुपारी मी त्या शांततेत अशी झोपायचे, की उठल्यावर कुठल्या गावात आहोत ते क्षणभर कळायचं नाही.

यांच्या मात्र डोळ्याला डोळा लागेना. सकाळी लाल डोळ्यांनी चहा घ्यायचे, विचारलं तर "काही नाही" म्हणायचे. यांना जमीन मानवत नाही, हे मी मनाशी धरलं. त्यातच जुन्या कंपनीचा फोन आला. "सोमवारी कळवतो," ते म्हणाले. मी भांडी जरा जास्तच आपटली.

रविवारी दुपारी मला जाग आली तर शेजारी हे नाहीत. स्वयंपाकघरात गेले. वॉशिंग मशीन गरगरत होतं आणि त्याला पाठ टेकून, खाली फरशीवर, हे गाढ झोपले होते. मशीनबरोबर डोकंही हलत होतं. चेहरा इतका निवांत, की मी दारातच उभी राहिले. मग कपडे पिळून झाले, मशीन थांबलं. हे ताडकन उठले. "काय बंद पडलं?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"जहाजावर इंजिनच्या धडधडीत झोप लागते," खाली बघत ते म्हणाले. "आवाज थांबला की काहीतरी बिघडलंय, उठून पळायचं. कान तसेच होऊन बसलेत गं. या घरात पडलं की वाटतं, इंजिन बंद आहे आणि मी झोपलोय. तिथे निदान झोप तरी लागते."

ते ऐकून मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. झोपेसाठी माणूस समुद्रावर निघालेला, आणि आवाज आम्हीच पैसे मोजून घराबाहेर ठेवलेला.

मी सुरी घेतली आणि बेडरूमच्या खिडकीची रबरी पट्टी सोलून काढली. आतली काच हातभर सरकवली, बाहेरची उघडली. गरम वारा आला, खाली खेळणाऱ्या पोरांचा गलका आला, मागून एमआरटीची लांबलचक घरघर आली.

"अगं, गारवा जाईल सगळा."

"जाऊ दे. तुम्ही पडा."

कुरकुरत पडले. एक गाडी गेली, दुसरी गेली. तिसरीपर्यंत घोरायला लागले. मी शेजारी घामाने भिजत बसून राहिले. ऊन त्यांच्या पायांवरून भिंतीवर चढलं, तरी उठले नाहीत.

संध्याकाळी वंदनेला धूर सरळ वर गेला आणि मग बेडरूमच्या दाराकडे वाकला. या वेळी एक डोळा माझा उघडा होता. त्यांनीही धूर पाहिला. आता पेन्सिल मागतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी डोळे मिटले आणि पुढची ओळ म्हटली.

वंदना संपल्यावर म्हणाले, "उद्या फोन करून नाही म्हणून सांगतो. ती पट्टी परत लावू नकोस."

माझा जीव भांड्यात पडला, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "बिल वाढेल."

"वाढू दे," ते म्हणाले.