वांग्यावरचा उजेड

माझ्या नवऱ्याला फोटोतला उजेड कुणी शिकवला असं विचारलंत, तर अर्धं श्रेय रद्दीला आणि उरलेलं वांग्याला. हसू नका. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत धम्मानंदांचा 'उजेड फोटो स्टुडिओ' आहे. पुढे दुकान, मागे घर. मी नंदिनी, त्यांची बायको. त्यांचं सगळं शिक्षण माझ्या डोळ्यांदेखत झालं. खरं तर माझ्याच तोंडावर झालं.

लग्न झालं तेव्हा हे कुहीहून नागपुरात येऊन चंद्रभानजींच्या स्टुडिओत कामाला लागले होते. चंद्रभानजी नावाजलेले, पण हातातली कला कुणाला दाखवायची नाही अशी त्यांची रीत. गिऱ्हाईक बसलं, दिवे लावायची वेळ आली, की म्हणायचे, "जा गा धम्मानंद, च्या घेऊन ये." हे चहा घेऊन परतेपर्यंत फोटो निघालेला असायचा. घरी आले की मी विचारायची, "आज काय शिकले?" "च्या आणाले," हे म्हणायचे, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसायचो.

पुढे स्वतःचं दुकान टाकलं. आता शिकायचं कुठे? क्लास नव्हते, पुस्तकं इंग्रजीत. मग हे रविवारी बर्डीच्या बाजारात जायचे आणि फुटपाथवरच्या रद्दीतून विलायती मासिकं उचलून आणायचे. वाचता एक ओळ येत नव्हती. हे भिंग घेऊन त्यातल्या बायकांच्या डोळ्यांत बघत बसायचे. आधी मला भलताच संशय आला! मग समजलं, की डोळ्याच्या बुबुळात दिवा सापडतो. पांढरा ठिपका वर उजवीकडे असला तर दिवा तिकडे होता. ठिपका चौकोनी असला तर खिडकी. दोन असले तर दिवे दोन. "उस्तादानं लपवलं तरी डोळा सांगते वं," हे म्हणायचे.

संध्याकाळी मग मला स्टुलावर बसवायचं. दिव्यापुढे आमची पांढरी चादर, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला माझी कणकेची परात. चुलीवर वरण करपायचं, मे महिन्यात त्या हॅलोजनपुढे घामाच्या धारा लागायच्या.

"हालू नको वं नंदिनी."

"मी नाही हालून राहिली. तुमचा दिवाच हालून राहिला."

तेव्हा मी खूप कुरकुरले. पण ते दिवस फार गोड होते. नवरा इतकं निरखून बघतोय, हे सुख किती जणींच्या वाट्याला येतं?

अडचण एकच होती. मासिकातल्या बाया दुधासारख्या गोऱ्या आणि मी अशी, तव्याशी नातं सांगणारी. तसेच दिवे माझ्यावर लावले की फोटोत डोळे आणि दात तेवढे यायचे. उजेड वाढवला की कपाळ चमकायचं आणि चेहरा भाकरीसारखा सपाट व्हायचा. आमच्या रंगाचं माणूस त्या रद्दीत एकही नव्हतं.

आणि गिऱ्हाइकाला तरी तो रंग कुठे हवा होता? सोयरिकीसाठी मुलीचा फोटो काढायला आई घेऊन यायची आणि हळूच म्हणायची, "भाऊ, थोडी उजळ करून द्या." मग आरशाजवळच्या डब्यातली पावडर, समोरून दोन्ही दिवे, वरून फिकी छपाई. सावळी पोरगी कागदावर गोरी होऊन निघायची. ह्यांचं नाव झालं. पार खापरखेड्याहून बाया यायच्या. घर चाललं, पोरगी शिकली, सगळं त्या पावडरीवर.

मग त्याच पोरीच्या फोटोची वेळ आली. आमची लेक अपेक्षा रंगाने माझ्यावर गेलेली, डोक्याने बापावर. एम.एस्सी. झाली, स्थळं बघायला लागलो, आणि ह्यांनी मोठ्या हौसेने तिचा फोटो काढला. हाताला सवयच ती. पावडर, दोन्ही दिवे. फोटो इतका आवडला, की मोठा करून शोकेसमध्ये मधोमध लावला.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या आईने पर्समधून तो फोटो काढला, फोटोकडे बघितलं, अपेक्षाकडे बघितलं आणि विचारलं, "अन् हे फोटोतली पोरगी कुठं आहे?"

पाहुणे नकार देऊन गेले त्याचं अपेक्षाला काही वाटलं नाही. ती दुकानात गेली, शोकेससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, लोकायचं जाऊ द्या. तुम्हाले मी अशी चालत नाही काय?"

ह्यांनी शोकेसच्या दाराला हात घातला.

"तुमच्या कॅमेऱ्यापुढं मी आता बसत नाही," ती म्हणाली. माझीच पोरगी ती, बोलली म्हणजे बोलली. पुढे सुशीलशी लग्न ठरलं. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे, भला माणूस. लग्नात ह्यांनी कॅमेरा उचलला की ती मान फिरवायची. अख्ख्या अल्बममध्ये बापाने काढलेला लेकीचा एक फोटो नाही. ते आठवलं की अजून माझा जीव तुटतो.

ह्यांनी पावडरीचा डबा नालीत रिकामा केला. शोकेसमधला फोटो काढला, चौकट तशीच ठेवली. "उजळ नाही करून देत," असं सांगायला लागल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं आणि आम्ही पासपोर्ट फोटोंवर आलो. पण ह्यांचं शिकणं पुन्हा सुरू झालं. सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा टाकावा, की तो आहे तसाच दिसेल आणि देखणा दिसेल? तोवर मोबाइल आले होते. हे यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसायचे. दिव्यांवरच्या छत्र्या काय, पेट्या काय, सगळं नीट समजावून सांगणारे लोक. पण समोर बसलेली बाई पुन्हा तीच, दुधासारखी. "याच्यातही आपलं कोणी नाही वं," म्हणून फोन ठेवून द्यायचे.

एकदा कुहीहून दिराने शेतातली वांगी पाठवली. मी ती धुऊन परातीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवली होती. हे पाणी प्यायला आले आणि तिथेच थबकले.

"चिरू नको! थांब."

"काहून? अळी आहे काय?"

"पाह्य तर खरं. एवढं काळं वांगं, पण त्याची गोलाई कशी दिसून राहिली."

मी वाकून बघितलं. अख्खी खिडकी त्या वांग्याच्या कुशीवर पांढरी पट्टी होऊन पडली होती. हे म्हणाले, "आपण आतापर्यंत समोरून उजेड ओतत राहिलो. काळ्यावर उजेड ओताचा नसते वं. बाजूले मोठा उजेड ठेवाचा, तो त्याच्यावर आपोआप उमटते."

मग काय, आठवडाभर वांग्यांचे फोटो. आम्ही भरीत खाल्लं, भरली वांगी खाल्ली, रस्सा खाल्ला, आणि मला वांग्याचा वीट आला. शेवटी कितीतरी वर्षांनी पुन्हा मी स्टुलावर बसले, ह्या वेळी खिडकीशी. फोटोत पहिल्यांदा मी मला दिसले. रंग माझा, सुरकुत्या माझ्या, आणि छान. मी ओक्साबोक्शी रडले. पण ह्यांना कोणाचा फोटो हवा होता, ते मला ठाऊक होतं. शोकेसमधली चौकट रोज पुसायचे.

मागच्या वर्षी अपेक्षाने खापरखेड्याच्या कॉलनीतून मोबाइलवर साड्या विकायला सुरुवात केली. स्वतःच नेसायची, स्वतःच फोटो काढायची. एक दिवस वैतागून फोन आला. "आई, किती व्हिडिओ पाहिले! सारे गोरीवरच शिकवतात. माह्यासारखीवर लाइट कसा लावाचा, हे कुठं शिकाले मिळन?"

"तुले माहीत आहे कुठं," मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

रविवारी ती दुकानाच्या पायरीवर उभी. "बाबा, मले लाइट शिकवा."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शिकाचं असन तर आधी स्टुलावर बसावं लागते. तुह्या आईले विचार."

अपेक्षाने आरशाकडे बघितलं. पावडरीच्या डब्याच्या जागी काहीच नव्हतं. ती आत आली. ती स्टुलावर बसली.

खिडकीवर चादर बांधली. ह्यांचे हात आता थरथरतात, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावला, आणि हे परात धरून दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मला म्हणाले, "दाब वं नंदिनी." मी बटण दाबलं.

फोटो मोठा छापून आला तेव्हा ह्यांनी तिच्या हातात ते जुनं भिंग दिलं. "हा पहिला धडा. डोळ्यात पाह्य, उजेड कुठून आला ते सांग."

अपेक्षा कागदावर वाकली. तिच्या बुबुळात खिडकी होती, आणि दुसऱ्या कडेला मोहरीएवढा बाप, परात उंच धरलेला.

"दिसला काय उजेड?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही दिसले, बाबा."

मग डोळे पुसून ती उठली, आणि शोकेसमधल्या रिकाम्या चौकटीत तिने तो फोटो स्वतःच्या हाताने बसवला.