दाताखालचा दाणा

नांदेडच्या घरी तूर भाजायला घेतली की त्या वासासरशी मी आफ्रिकेतल्या एका खेड्यात जाऊन उभी राहते. लातूरची माझ्या माहेरची डाळमिल तुरीवाचून महिनोन् महिने बंद असायची. "आपला हंगाम सरला की तिकडं तूर निघती. मिलच तिकडं टाकू," म्हणत बाबा मला घेऊन गेले होते.

तिथल्या तुरीच्या ढिगापाशी बसून त्यांनी आपल्याकडं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात फोडतात तसा एक दाणा दाताखाली फोडला, वाळलाय का बघायला. परक्यांपुढं मला लाजच वाटली. तेवढ्यात तूर विकायला बसलेल्या समोरच्या म्हातारीनंही दाणा उचलला, कटकन फोडला आणि बाबांकडं बघून मान हलवली. एकमेकांचा एक शब्द दोघांना कळत नव्हता.

ओलावा मोजायचं यंत्र पिशवीतच राहिलं. "ही म्हातारी तर आपल्या मोंढ्यातलीच हाय की गं," बाबा म्हणाले. "हितंच टाकू मिल."