आजीला चालत नाही

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली चांगली शोधली. नातीची परीक्षा आहे, मग सणवार आहेत, मग बायकोची तब्येत बरी नाही, मग बायकोच नाही. आता कारणं संपली म्हणून लिहितोय. समोर बसून सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं असतं, आणि भित्रेपणात तरी माणसानं सातत्य राखावं.

नातीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या घरात होस्टेलची तयारी सुरू झाली आणि तिचं अध्यक्षपद मी स्वतःकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं. पण ठाण्याच्या जिल्हा कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसाला रिकामी खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं. बादली केवढी घ्यायची, कपडे वाळवायची दोरी नायलॉनची की सुती, यावर मी सविस्तर मार्गदर्शन केलं. गादी घराजवळ मानपाडा रोडला मिळत असताना मुद्दाम ठाण्याहून आणायला लावली, कारण तिथला दुकानदार मला अजून ‘साहेब’ म्हणायचा.  बायकोनं फक्त मेतकूट दळून आणलं, उशीला अभ्रे शिवले, नातीला भाताला पाणी किती ते शिकवलं. म्हणजे पुढे जे जे उपयोगी पडलं ते सगळं केलं.

नातीला एकच गोष्ट हवी होती. तिची शाळेपासूनची मैत्रीण त्याच कॉलेजात जाणार होती आणि दोघींना एका खोलीत राहायचं होतं. घर सोडून कधी न राहिलेली मुलगी, मैत्रीण बरोबर आहे या एका आधारावर निघाली होती. होस्टेलचा निरोप आला की खोल्या गुरुवारी सकाळी उघडतील, आधी येतील त्यांनी आधी निवडायच्या. मुलगा म्हणाला, पहाटे निघू.

मी कॅलेंडर पाहिलं. गुरुवारी अमावस्या होती.

इथे माझी थोडी ओळख करून द्यायला हवी. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर अंधश्रद्धेविरुद्ध बोलायला मला बोलावतात. मांजर, शिंक, शनिवारची दाढी, कशालाच मी सोडलेलं नाही. आणि अमावस्येला मी आयुष्यात कधीही प्रवासाला निघालेलो नाही. कोकणातल्या घरी वडील त्या दिवशी गावाबाहेर पडत नसत, ते माझ्या अंगात मुरलं. सहल अमावस्येला आली की माझं पोट दुखायचं. स्कूटर त्या दिवशी मिळणार असली की मला दुसरा रंग हवा असायचा. विज्ञाननिष्ठ माणसाचं पोट पंचांग बघून दुखतं, हे फक्त बायकोला माहीत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

आता मुलगा, नात आणि पुण्याच्या वाटेवरचे शीळफाट्याचे अवजड कंटेनर, सगळं अमावस्येला. मला भीती वाटली. तेवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी मुलाला म्हणालो, “गुरुवारी नको. तुझ्या आईला चालत नाही. अमावस्या आहे.”

बायको तिथेच खाली बसून चिंचेनं समया घासत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वाट बघत असल्यासारखं. मी पेपर उघडला.

“आजी, काय गं तू पण,” नात म्हणाली. “प्लीज ना. खोली जाईल आमची.”

बायकोनं समई पुन्हा घासायला घेतली. मग म्हणाली, “शुक्रवारी जा गं. एका दिवसानं काय होतंय.”

दुपारी आम्ही दोघंच होतो तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, “दिव्यांची अमावस्या आहे ती. मी त्याच दिवशी तिला ओवाळून पाठवणार होते.”

गुरुवारी तिनं नातीला ओवाळलं. नात ताटाकडे न बघता मोबाइलमध्ये बघत होती. तिकडे मैत्रिणीनं शेजारच्या कॉटवर आपली बॅग ठेवून दुपारपर्यंत जागा धरली होती. मग होस्टेलवाल्यांनी ती बॅग उचलायला लावली.

शुक्रवारी, चांगल्या दिवशी, आम्ही निघालो. शीळफाट्याला टायर पंक्चर झाला. नातीच्या वाट्याला तळमजल्याची खोली आली, मेसच्या भटारखान्याला लागून, दोन मोठ्या मुलींबरोबर, ज्यांना ती तिथे नको होती. ठाण्याची गादी कॉटपेक्षा वीतभर लांब निघाली. अध्यक्षांनी माप घेतलं नव्हतं.

पहिलं वर्ष पोरीनं रडत काढलं. तिचे फोन आईला यायचे, बापाला यायचे, मला यायचे. आजीसाठी निरोप असायचा, बरी आहे म्हणून सांगा. बायको माझ्या शेजारी बसून ऐकायची आणि मी फोन ठेवला की विचारायची, जेवली का ती.

दिवाळीला नात घरी आली. आजी आत चकल्या तळत होती. नात मला म्हणाली, “आबा, तुम्ही एवढी भाषणं देता. आजीला समजवायचं ना तेव्हा.”

याहून सोयीची वेळ कुणी मला आणून दिली नसती. मी म्हणालो, “बायकांना काय समजावणार, बाळा.”

आतला झाऱ्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

नात परत गेल्यावर बायको म्हणाली, “एकदा सांगाल तिला? मी सांगितलं तर तिच्यासमोर तुमचं काय राहील?” मी म्हणालो, सांगतो की. पुढे नात रुळली, शिकली, नोकरीला लागली. आजीशी बोलायचीही, घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलतात तसं.

गेल्या वर्षी बायको ठाण्याला हॉस्पिटलात होती. मी रोज बसनं जायचो. काय बोलायचं ते वाटेत घोकायचो आणि तिच्या पलंगाशी बसलो की दूधवाला, सोसायटीची लिफ्ट, यांवर बोलायचो. चाळीस वर्षं सभेत कधी शब्द अडला नाही माझा.

तिच्या तेराव्याला नात माझ्याजवळ येऊन बसली. “त्या अमावस्येवरून मी आजीशी फार तुटक वागले, आबा,” ती म्हणाली. “नंतर मी मनातून माफ केलं होतं तिला. तिला कळलं असेल ना?”

“कळलं असेल,” मी म्हणालो.

तिनं माझा हात हातात घेतला, मला बरं वाटावं म्हणून.

बसमध्ये मी जे घोकत होतो ते असं होतं: अगं, अमावस्या मला चालत नव्हती, आणि नाव मी तुझं पुढे केलं. चुकलं माझं. पोरीला मी आजच सांगतो.